लेथवर परतताय? आधी मूठ बनवा

लेथवर लाकूड फिरवून ते हत्याराने गोल घडवणं म्हणजे कातकाम. छंद सुटून बरीच वर्षं झाली असतील, तर कानस किंवा पटाशीच्या मुठीपासून सुरुवात करणं सोपं. लाकूड थोडंच लागतं आणि वस्तू कामाची होते. बिनमुठीच्या कानशीचं मागचं टोक तळहातात घुसू शकतं.

लाकूड: बाभूळ किंवा शिसव. पूर्ण वाळलेलं, रेषा लांबीला समांतर. ओलं लाकूड वाळताना आकसतं आणि धातूची शेंबी सैल होते. मूठ चिरू नये म्हणूनच ही शेंबी बसवतात.

सुरक्षा: हातमोजे आणि सैल बाह्या नकोत, चेहऱ्यावर शील्ड हवी. मशीन सुरू करण्याआधी लाकूड हाताने पूर्ण फिरवून पाहा, कुठे अडत नाही ना.