किल्लारी

किल्लारी : महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यातील (औसा तालुका) तेरणा खोऱ्यातले गाव. लातूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी. नीळकंठेश्वराचे प्राचीन मंदिर आणि सहकारी साखर कारखाना ही त्याची जुनी ओळख. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपानंतर मात्र गावाचे नाव भूकंपाशीच जोडले गेले.

१९९२ च्या ऑक्टोबरातच येथे धक्के जाणवले होते. पण दख्खनचे पठार स्थिर समजले जाई. प्रत्यक्षात सुमारे ६.२ तीव्रतेच्या एका धक्क्याने लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सरकारी गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. एवढी प्राणहानी व्हायला धक्क्याइतकीच घरेही कारण ठरली. काळ्या दगडाच्या रुंद भिंती मातीत रचलेल्या. आतले व बाहेरचे असे दोन थर, मध्ये गोट्यांची भर आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड नाही. वर माळवदाचा मातीचा जड थर. धक्का बसताच भिंतीचे थर सुटले आणि माळवद खाली आले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने पुनर्वसन हाती घेतले. किल्लारीसह ५२ गावे नव्या जागी हलवली. कमी नुकसान झालेल्या गावांत जुन्याच घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५०, मध्यम शेतकऱ्यांना ४५० आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फुटांचे घर, असे जमिनीवरून माप ठरले. म्हणजे जुन्या गावातली उतरंड नव्या गावात चौरस फुटांत उतरली! सरळ रस्ते आणि सुटी घरे यांमुळे गावठाणाचे रूप वसाहतीसारखे झाले. गल्लीबोळ, वाडे व शेजार तुटले. बैल, कडबा, अवजारे ठेवायला जागा अपुरी पडली. लोकांनी मग पत्र्याची शेड उभारून आपापली सोय लावली. घरे पक्की झाली, गावपण मात्र आराखड्यात बसले नाही.

दुरुस्तीच्या गावांत महिला मंडळांतील बायका सरकार व गावकरी यांना जोडणाऱ्या ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या, तर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. पुढे भूजच्या भूकंपानंतर (२००१) गुजरातने मात्र गावे हलवण्यापेक्षा घरमालकालाच बांधकामाचे पैसे देण्यावर भर दिला. भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या सुधारित भारतीय मानकात किल्लारीचा परिसर भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये घातला गेला.