आडनावामागची मोहोर

विद्यार्थी मित्रांनो, पटेल, देशमुख, काझी, इनामदार या आडनावांमागे ढाल-सिंहाचे कुलचिन्ह शोधू नका. ती विलायती सरदारांची रीत. आपल्याकडे आडनाव बहुधा हुद्द्याचे किंवा वतनाचे, आणि त्याची खूण कागदावर: पाटलाची नांगराची निशाणी, काझीची फारसी मोहोर. ‘फारुकी’ मात्र वंशाचा दावा सांगते. १३८२ ते १६०१ खानदेशावर राज्य करणारे सुलतान स्वतःला हजरत उमर फारूक (रजि.) यांचे वंशज म्हणवीत, म्हणून आजचा प्रत्येक फारुकी त्या तख्ताचा वारस ठरत नाही! मुक्ताईनगरचे जुने दप्तर चाळताना गाव ‘एदलाबाद’ म्हणून आणि, १९०६ नंतरच्या कागदांत, जिल्हा ‘पूर्व खानदेश’ म्हणून शोधावा. पालकांनो, त्याआधी घरच्या पेटीतले मोडी-फारसी कागद वाळवीच्या तोंडून सोडवा.