नायट्रो एक्सप्रेस काडतुसे

नायट्रो एक्सप्रेस ही हत्ती, गेंडा, रानम्हैस, गवा, सिंह, वाघ अशा धोकादायक वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये विकसित झालेली, मोठ्या व्यासाच्या रायफल काडतुसांची श्रेणी होय. आज ही काडतुसे मुख्यत्वे आफ्रिकेशी जोडली जातात. तथापि त्यांपैकी अनेकांचे व्यास आणि रचना ठरण्यास ब्रिटिश भारतातील शस्त्रनिर्बंध व येथील उष्ण हवामान कारणीभूत ठरले.

नाव

‘एक्सप्रेस’ हा शब्द १८५० च्या दशकात लंडनचे बंदूक-निर्माते जेम्स पर्डी यांनी आपल्या वेगवान रायफलींसाठी आगगाडीवरून घेतला. ‘नायट्रो’ हा शब्द नायट्रोग्लिसरीन व नायट्रोसेल्युलोजयुक्त धूरविरहित दारूचा निर्देश करतो. नावातील आकडा गोळीचा किंवा नळीचा स्थूल व्यास इंचात दर्शवतो, म्हणजे.४५० हे सुमारे ११.४ मिलिमीटर व्यासाचे काडतूस. .४५०/४०० अशा जोडनावात पहिला आकडा मूळ कवचाचा, तर दुसरा त्याचे तोंड आवळून बसवलेल्या लहान गोळीचा असतो.

पार्श्वभूमी

काळ्या दारूच्या काळात मारकता वाढवण्याचा मुख्य उपाय म्हणजे गोळी जड करणे हा होता. ‘चार बोअर’ बंदुकीची शिशाची गोल गोळी पाव पौंड, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम वजनाची असे. अशा बंदुका अतिशय जड असत, त्यांचा धक्का खांद्याला असह्य होई आणि बार उडताच पसरणाऱ्या धुरामुळे जखमी जनावर दिसेनासे होई.

१८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट या धूरविरहित दारूचा शोध लागला. दोरीसारख्या बारीक कांड्यांच्या स्वरूपात ती तयार होत असल्याने तिला हे नाव मिळाले. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने कॉर्डाइट वापरून .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस प्रचारात आणले. त्याची ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने जाई. तिची ऊर्जा त्या काळच्या .३०३ लष्करी काडतुसाच्या दुपटीहून अधिक होती.

रचना

कॉर्डाइटवर तापमानाचा परिणाम होतो. उन्हात तापलेल्या काडतुसात दाब वाढतो; कवच फुगून नळीत अडकले, तर दुसरा बार भरता येत नाही. चवताळलेले जनावर समोर असताना हा दोष प्राणघातक ठरे. म्हणून या काडतुसांची पितळी कवचे मुद्दाम लांब व ऐसपैस ठेवून आतील दाब कमी राखला जाई. उष्ण प्रदेशांसाठी दारूचे प्रमाणही घटवले जाई.

दुनळी रायफलीतून कवच सहज ओढून काढता यावे म्हणून त्याच्या बुडाला बाहेर आलेली कडा असे. चाप ओढताच दुसरा बार तत्काळ उपलब्ध होणे, हा दुनळीचा मुख्य लाभ होता. पुढे माउझर पद्धतीच्या खटक्याच्या रायफलींसाठी अशी कडा नसलेली काडतुसेही आली.

हत्तीसाठी संपूर्ण धातूच्या आवरणाची, न पसरणारी गोळी वापरत. ती जाड हाड भेदून आत शिरे. वाघ-सिंहांसाठी टोकाशी शिसे उघडे असलेली, आघाताने पसरणारी गोळी असे. अशाच पसरणाऱ्या लष्करी गोळीला कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारावरून ‘डमडम’ हे नाव पडले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिचा वापर निषिद्ध ठरवला.

१९०७ चे निर्बंध

मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळी .४५० व्यासाची होती. आयात होणारी शिकारी काडतुसे व गोळ्या बंडखोरांच्या वा सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती पडून या रायफलींसाठी वापरल्या जातील, अशी सरकारला धास्ती होती. म्हणून १९०७ मध्ये भारतात .४५० व्यासाच्या शिकारी रायफली व काडतुसांवर बंदी आली. सुदानमध्येही असाच निर्बंध होता.

भारत ही मोठी बाजारपेठ असल्याने ब्रिटिश कंपन्यांनी किंचित मोठ्या व्यासाची काडतुसे काढली. हॉलंड अँड हॉलंडचे .५००/४६५, जोसेफ लँग यांचे .४७० आणि .४७५ क्रमांक २ ही त्यांतील प्रमुख होत. मारकतेत ती .४५० च्या जवळपासच होती. त्यांपैकी .४७० पुढे आफ्रिकेतील दुनळी रायफलींचे सर्वांत प्रचलित काडतूस ठरले.

प्रमुख काडतुसे

खालील आकडे स्थूलमानाने दिले आहेत. शेवटची दोन काडतुसे नायट्रो एक्सप्रेस श्रेणीतील नसून खटक्याच्या रायफलींसाठीची त्यांची समकालीन काडतुसे आहेत.

| काडतूस | गोळीचे वजन (ग्रॅम) | वेग (मीटर प्रतिसेकंद) |
|---|---|---|
| .४५०/४०० जेफ्री | २६ | ६४० |
| .४५० रिग्बी | ३१ | ६५५ |
| .४७० | ३२ | ६५५ |
| .६०० जेफ्री | ५८ | ५९५ |
| .४१६ रिग्बी (१९११) | २७ | ७२० |
| .३७५ हॉलंड मॅग्नम (१९१२) | १९ | ७७० |

केवळ मोठा व्यास पुरेसा नसतो, हेही अनुभवाने दिसून आले. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी एक हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांपैकी बहुसंख्य.२७५ सारख्या लहान व्यासाच्या रायफलींनी. नेम आणि प्राण्याच्या शरीररचनेचे ज्ञान ही त्यांची खरी साधने होती. तथापि नेम थोडा चुकला तरी जनावर थोपवता यावे, या हेतूने मोठी काडतुसे टिकून राहिली.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात .४५०/४०० हे काडतूस विशेष लोकप्रिय होते. जिम कॉर्बेट यांच्याकडे या काडतुसाची जेफ्री दुनळी, तसेच .२७५ रिग्बी रायफल होती.

महाराष्ट्राच्या जंगलांत अशा काडतुसांची गरज भासावी असा मोठा प्राणी म्हणजे गवा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन एक हजार किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. राधानगरी तालुक्यातील दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूर संस्थानाचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ मध्ये तेच गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात संस्थानकालीन शस्त्रे व पेंढा भरलेले प्राणी पाहावयास मिळतात.

ऱ्हास व सद्यःस्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्याचा अस्त झाला आणि शिकारीचे क्षेत्र आकसले. १९५६ मध्ये आलेल्या अमेरिकी .४५८ विंचेस्टर मॅग्नमने स्वस्त पर्याय दिला. किनॉक या प्रमुख ब्रिटिश उत्पादकाने १९६० च्या दशकात मोठ्या काडतुसांचे उत्पादन आवरते घेतले. नंतर काही कंपन्यांनी ते पुन्हा सुरू केले. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक प्राण्यांच्या परवानाधारक शिकारीसाठी .३७५ हा किमान व्यास मानला जातो.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे छंद म्हणून होणारी शिकार संपुष्टात आली. वाघ, हत्ती व गवा यांना या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले. मानवी जीवितास धोका ठरलेल्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही तो प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नसेल तरच.