पालवणकर, बाळू

(सु. १८७६–४ जुलै १९५५). भारतातील पहिल्या पिढीचे श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. संपूर्ण नाव बाळू बाबाजी पालवणकर. जन्म धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात. वडील लष्करात नोकरीस होते. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथे एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम ते दरमहा ३ रुपये वेतनावर करीत.

सु. १८९२ मध्ये ते पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात नोकरीस लागले. सरावाच्या वेळी सभासदांना ते तासन्‌तास गोलंदाजी करीत; फलंदाजीची संधी मात्र त्यांना मिळत नसे. जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाच्या सरावातूनच त्यांच्या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीस धार आली. याच वर्षी अमेरिकेत विल्यम हेफेलफिंगर या आघाडीच्या फळीतील फुटबॉलपटूस एका सामन्यासाठी ५०० डॉलर मिळाले व तो तेथील पहिला ज्ञात व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला. बाळूंना वेतन मिळे ते मैदान राखण्याचे. त्यांचे कौशल्य त्या नोकरीतच गृहीत धरले जाई.

पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, तरी चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई व जेवणास वेगळे बसविले जाई. पुढे ते मुंबईस गेले व बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी करू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी सरासरी १५·२१ धावांना एक याप्रमाणे १७९ बळी मिळविले.

इतक्या योग्यतेनंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलल्याच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम हे त्यांचे बंधू संघाबाहेर राहिले. अखेर अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावास नाकारलेला मान धाकट्यास मिळाला, यात कुटुंबाच्या तीन दशकांच्या खेळाचा व समाजातील बदलत्या जनमताचाही वाटा होता.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंनी स्वाक्षरी केली. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.