मुंबईतील मोटारशर्यती

मुंबईतील मोटारशर्यती : मुंबई शहर व परिसरात झालेल्या मोटारगाड्यांच्या वेगस्पर्धा. फॉर्म्युला वनची ग्रांप्री मुंबईत झालेली नाही. भारताची ग्रांप्री २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किमी. लांबीच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. वास्तविक मोटारमालकांची संघटना मुंबईत फार आधीपासून होती. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना १९१९ ची. एवढी जुनी परंपरा असताना शर्यत येथे रुजली नाही, याचे मुख्य कारण पैसा किंवा हौस यांचा अभाव नसून हक्काच्या जागेचा अभाव हे आहे.

धावपट्ट्यांचा काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातील मोटारशर्यती प्रामुख्याने विमानांच्या धावपट्ट्यांवर झाल्या. मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मुंबईत जुहू ही त्यांची केंद्रे. जुहूचा विमानतळ १९२८ चा. धावपट्टी रुंद, सपाट आणि कठीण पृष्ठभागाची असल्याने वेगाला सोयीची. पण तिच्यावर शर्यतीचा हक्क नसतो, फक्त परवानगी असते. हा फरक मद्रासमध्ये वेळीच ओळखला गेला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा ट्रॅक उभारला आणि १९९० पासून तेथे शर्यती होऊ लागल्या. कोइंबतूरला २००३ मध्ये कारी मोटर स्पीडवे झाला. मुंबईत असा ट्रॅक झाला नाही, आणि देशातील सर्किट शर्यतींचे केंद्र दक्षिणेत स्थिरावले. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅली येथे होणारी ‘व्हॅली रन’ ही सरळ रेषेतील शर्यतही धावपट्टीवरचीच.

रस्ते व मैदाने : १२ मार्च २०२३ रोजी वांद्रे बँडस्टँडवर डेव्हिड कुल्टहार्डने रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी चालवली. हे प्रात्यक्षिक होते, शर्यत नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोटारसायकलींची सुपरक्रॉस स्पर्धा तात्पुरत्या मातीच्या ट्रॅकवर झाली.



चालक : मुंबईचा जेहान दारूवाला (जन्म १९९८) डिसेंबर २०२० मध्ये बहरीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला व २०२४ मध्ये फॉर्म्युला ईमध्ये उतरला. त्याची कारकीर्द मात्र घडली परदेशातल्या ट्रॅकवर. शहरात गुणी चालक निपजतात, पण त्यांना मोठ्या गाडीत बसवण्याची सोय शहरात नाही, असाच याचा अर्थ होतो.

आक्षेप व विचार : जागेचा अभाव हे मुख्य कारण मानण्यावर पहिला आक्षेप नोएडाचा. तेथे कायमचा ट्रॅक असूनही ग्रांप्री तीनच वर्षे टिकली. ती बंद पडण्याच्या कारणांविषयी एकमत नाही. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानून कर मागितला, हे त्यांपैकी एक. आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वर्षातून शर्यतीचे दिवस तीनच असले, तरी त्या काळात सर्किट फॉर्म्युला वन कंपनीच्या ताब्यात असते, म्हणून ते तिचे भारतातील ‘कायमस्वरूपी आस्थापन’ ठरते आणि तेथील व्यवसायावर भारतात कर लागतो, असा निकाल एप्रिल २०१७ मध्ये लागला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही मूळ प्रश्न जागेवरील ताब्याचाच होता. ट्रॅकने ग्रांप्री वाचत नाही, हे यातून दिसते. पण ट्रॅक उभा होता म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी तेथे होऊ शकली, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप असा, की मोनॅकोत १९२९ पासून ग्रांप्री शहराच्या रस्त्यांवरच होते. मात्र तेथे मोटार क्लब आणि राज्य यांचे सहकार्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ईची शर्यत रस्त्यावर झाली आणि राज्यातील सरकार बदलल्यावर पुढच्या वर्षीची रद्द झाली.

तिसरा आक्षेप, महाराष्ट्राला शर्यतीची आवड नाही, हा टिकणारा नाही. सातारा-सांगली पट्ट्यात बैलगाडी शर्यतीला लोटणारी गर्दी पाहावी. २०१४ च्या न्यायालयीन बंदीनंतर राज्याने २०१७ मध्ये कायदा व नियम केले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि धावेचे कमाल अंतर ठरवले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली आणि मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरवला. ज्या शर्यतीमागे समाज उभा राहिला, तिच्यासाठी राज्याने चौकट घडवली. मोटारशर्यतीसाठी तसा आग्रह धरला गेला नाही.

मूल्यमापन : ग्रांप्री आणणे हे मुंबईचे पहिले उद्दिष्ट असू नये. मुंबई-पुणे परिसरात क्लबांच्या हक्काचा, मध्यम लांबीचा, वर्षभर सरावाला खुला असणारा एक ट्रॅक शासनाने जमीन देऊन होऊ द्यावा. त्यावाचून येथील मोटारशर्यतींना सलग इतिहास लाभणार नाही.