नास्तिक कोणाला म्हणावे?

‘नास्तिक’ हा शब्द आपल्या घरांतून सहसा रागाच्या भरातच ऐकू येतो. मुलाने देवाला हात जोडले नाहीत, की झाला नास्तिक! आपल्या दर्शनकारांच्या लेखी मात्र वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून चार्वाकांबरोबर बौद्ध आणि जैनही नास्तिकांत मोजले गेले. उलट पूर्वमीमांसेला जगाचा कर्ता ईश्वर मान्य नाही, तरी ते दर्शन आस्तिकच! पाणिनीच्या सूत्रावरील टीकाकारांनी तिसराच अर्थ लावला: परलोक न मानणारा तो नास्तिक.

आपण राहतो त्या इंग्लंडात हा वाद शपथेवरून पेटला. उघडपणे नास्तिक असलेले चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. ईश्वराच्या शपथेऐवजी त्यांनी साधी प्रतिज्ञा मागितली, ती नाकारली गेली. मग शपथ घेतो म्हणाले, तर ‘देव न मानणाऱ्याची शपथ कसली?’ म्हणून तीही घेऊ देईनात. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, तेव्हा कुठे १८८६ साली ते सभागृहात रीतसर बसले. आज आपल्यापैकी कोणीही कोर्टात शपथेऐवजी प्रतिज्ञा करू शकतो, त्यामागे त्यांनी घडवून आणलेला १८८८ चा कायदा आहे. हिंदुस्थानची बाजू मांडणारे हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आवर्जून आले होते.

१८९१ मध्ये ते वारले. तेव्हा लंडनमध्ये शिकत असलेले गांधीजी त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. पुढे १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘सत्य हाच ईश्वर’ हा विचार मांडताना गांधीजी म्हणाले, की ब्रॅडलॉ स्वतःला नास्तिक म्हणवीत, पण आपण त्यांना तसे मानत नाही. खुद्द ब्रॅडलॉंना हे पटले असते का, याची आम्हाला शंकाच आहे!

त्याच काळात पुण्यात गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारक’ चालवीत होते. ते अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वराचे स्वरूप माणसाला कळण्याजोगे नाही असे मानणारे. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधील ३७.२ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे नोंदविले. उद्या आपल्याच घरात कोणी तसे लिहिले, तर रागावण्याआधी आपण एवढे विचारू या: तू नेमके काय नाकारतोस? वेद, परलोक, देव, की फक्त आमची पूजा? उत्तर काहीही येवो, गणपतीच्या जेवणाला त्याचेही पान मांडू या.