वसतिगृहातील वायफाय राउटर

महाविद्यालयीन वसतिगृहाच्या खोलीतील लॅन पोर्टला जोडून फोन, लॅपटॉप इत्यादींना बिनतारी इंटरनेट पुरवणारे छोटे उपकरण. यंत्र घरच्या राउटरसारखेच असते. परिस्थिती मात्र निराळी असते. घरी जोडणी आपल्या नावावर असते. वसतिगृहात ती महाविद्यालयाची असते, तिचे नियम संगणक केंद्र ठरवते आणि एकेका मजल्यावर भिंतीला भिंत लागून अनेक राउटर चालू असतात. म्हणून निवड करताना खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : महाविद्यालयाचे जाळे राउटर कसा स्वीकारते आणि खोलीभोवती लहरींची गर्दी किती आहे.

पार्श्वभूमी : वायफायचे ८०२.११ हे मूळ मानक १९९७ साली आले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. त्यानंतरची एन (२००९), एसी (२०१३) आणि एएक्स (२०२१) ही मानके आज अनुक्रमे वायफाय ४, ५ आणि ६ या नावांनी विकली जातात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील मोठा भाग २०१८ साली खुला झाला. दोन्ही पट्ट्यांवर चालणारे, म्हणजे ड्युअल बँड राउटर आता विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतात.

महाविद्यालयाचे जाळे : जोडणीच्या तीन पद्धती सर्रास आढळतात. पहिलीत ब्राउझरमध्ये लॉगिनचे पान उघडते. राउटरमागच्या एका उपकरणावरून लॉगिन केले की सहसा बाकीच्यांनाही नेट मिळते, कारण बाहेरच्या जाळ्याला फक्त राउटर दिसतो. याचीच दुसरी बाजू अशी की रूममेटने केलेले डाउनलोडही लॉगिन करणाऱ्याच्याच नावावर नोंदले जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यातला ओळखक्रमांक, आधी नोंदवावा लागतो. येथे राउटरच्या वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरच्या जाळ्याला जोडायच्या पोर्टचा पत्ता द्यायचा असतो; तो बहुधा तळाच्या लेबलवर किंवा सेटिंगच्या पानावर सापडतो. तिसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड देऊन जाळ्यात शिरावे लागते. एज्युरोम ही आंतरराष्ट्रीय सेवा याच तत्त्वावर चालते आणि भारतात तिचे काम अर्नेट ही संस्था पाहते. साध्या राउटरांपैकी बहुतेकांना अशा जाळ्यात स्वतः लॉगिन करता येत नाही. ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चढवता येते असा राउटर तेथे उपयोगी पडतो. काही संस्था खासगी राउटरला सरसकट मनाई करतात. अशा ठिकाणी खरेदीच निरर्थक ठरते.

निवडीचे निकष : ‘एसी १२००’ या लेबलातला आकडा २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मेगाबिट यांची बेरीज गोल करून येतो. एकच फोन किंवा लॅपटॉप हा सगळा वेग एकदम कधीच वापरत नाही. त्याहून महत्त्वाचे असतात मागचे पोर्ट. स्वस्त राउटरांत ते बहुधा १०० मेगाबिटचे असतात आणि त्यांतून प्रत्यक्षात साधारण ९४ मेगाबिटच मिळतात. भिंतीतला पोर्टही १०० मेगाबिटचाच असेल तर महागडा राउटर घेऊन काही पदरात पडत नाही. भिंतीतला पोर्ट गिगाबिटचा असेल तर राउटरचे पोर्टही गिगाबिटचे हवेत.

एका चॅनेलवर, एकमेकांच्या टप्प्यात, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांना थांबावे लागते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. मजल्यावर दहा राउटर असले तर हे तीन चॅनेल दहांत वाटले जातात आणि ब्लूटूथ उपकरणे त्यात भर घालतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल जास्त असतात आणि लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. घरात हा दोष वाटतो. एका खोलीपुरते नेट हवे असताना तोच गुण ठरतो. म्हणून वसतिगृहासाठी ड्युअल बँड राउटर घ्यावा. चार-सहा अँटेनांच्या, ‘लाँग रेंज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या राउटरची खोलीत गरज नसते. प्रक्षेपणशक्ती कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी. त्याने शेजाऱ्यांचाही त्रास वाचतो. राउटर लोखंडी कॉटखाली किंवा स्टीलच्या कपाटामागे न ठेवता टेबलावर उघडा ठेवावा.

जोडणीतील नेहमीची चूक : घरून आणलेला राउटर काढून भिंतीतली केबल मागच्या चार लॅन पोर्टांपैकी एकात खोचली जाते. हे पोर्ट बहुधा एकाच रंगाचे असतात, तर वॅनचा पोर्ट वेगळ्या रंगाचा किंवा थोडा बाजूला असतो. चुकीच्या पोर्टमुळे राउटर आपल्या खोलीऐवजी सगळ्या मजल्याला आयपी पत्ते वाटू लागतो. ज्या लॅपटॉपला त्याचे उत्तर महाविद्यालयाच्या सर्व्हरआधी मिळते त्याला १९२.१६८.०.५ असा काहीतरी पत्ता मिळतो. लॅपटॉपवर ‘कनेक्टेड’ दिसते, पण एकही पान उघडत नाही. संगणक केंद्र खोल्यांच्या केबल जिथे जोडलेल्या असतात त्या स्विचवरच्या नोंदीतून नेमकी खोली शोधते आणि पोर्ट बंद करते. दक्ष ठिकाणी स्विचच अशी उत्तरे अडवतो. केबल वॅन पोर्टात लावणे किंवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवून त्याचे पत्तावाटप बंद करणे हा यावरचा उपाय आहे. मात्र ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये प्रत्येक उपकरण महाविद्यालयाच्या जाळ्याला स्वतंत्रपणे दिसते आणि त्याची वेगळी नोंदणी लागू शकते. फायबर कंपनीने घरी बसवलेला डबा अनेकदा येथे चालत नाही, कारण त्याचा बाहेरचा पोर्ट फायबरसाठी बनवलेला असतो.

सुरक्षितता : पासवर्डसाठी डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ वापरावे; डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालीच फोडली गेली आहे. सेटिंगच्या पानाचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याने वायफायचा पासवर्ड मजल्यावर वाटू नये.

पर्याय : फक्त लॅपटॉपच वापरायचा असेल तर थेट लॅन केबल सर्वांत स्वस्त आणि स्थिर पडते. विंडोज १० पासून लॅपटॉपचाच हॉटस्पॉट करून फोनला नेट देता येते. दोघा-तिघा रूममेटना केबलनेच नेट हवे असेल आणि एका पोर्टवर अनेक उपकरणांना मुभा असेल तर पाच पोर्टांचा साधा स्विच पुरतो. जेथे यांपैकी कशालाच परवानगी नाही तेथे फोनचा मोबाइल डेटा उरतो.